शनिवारचा रिपोर्ट

आयुष्यात मी एकदाच कोणाच्या धंद्यात पैसे घातले, आणि तेही एका हवालदाराच्या. ज्याने जन्मात कधी काही विकलं नव्हतं, त्याच्या हातात बाईंनी बारा वर्षांची शिल्लक दिली, असं पनवेलचे लोक म्हणत. लोक बरंच काही म्हणत. मी नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होते, बिनलग्नाची होते आणि माझे पैसे माझे होते. यातली एखादी गोष्टही गावाला बोलायला पुरली असती, माझ्याकडे तिन्ही होत्या.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. फौजेतून सुटलेली माणसं आपापल्या गावी परतली होती आणि काय करावं ते न सुचून खाकी कोटात बंदरावर उभी राहत होती. कोणी पुन्हा मिठागरात उतरलं, कोणी मुंबईला गोदीत चिकटलं. हा हवालदार चिरनेरच्या बाजूचा, आगरी, चाळिशीकडे झुकलेला. बसऱ्याला नदीतल्या लष्करी लाँचींच्या वर्कशॉपमध्ये पाच वर्षं काढून आला होता. माझ्याकडे आला तो तळहाताला पत्रा लागून. टाके पडताना माणसं सहसा आईला हाक मारतात. हा मला इंजिनाबद्दल सांगत होता.

"बाई, आपलं मचवं वाऱ्यावर चालतात. वारा पडला का खाडीतच अडकतात, आन् म्हावरं सडतं. तिकडं बसऱ्याला एवढ्याशा होडीला बी इंजिन. लष्करानं मोडीत काढलेल्या लॉऱ्यांची इंजिनं लिलावात निघतात. त्याला दांडा जोडायचा, पाण्यात पंखा सोडायचा. मी केलंय ते. या हातानं केलंय."

"त्या हाताला सध्या पाच टाके आहेत," मी म्हटलं. "पण मग करा की. अडलंय कुठे?"

"भांडवल नाय."

सावकाराने त्याला जमीन विचारली होती, ती नव्हती. गावातल्या एका पेढीवाल्याने, मचव्याला इंजिन लावलं तर शिडाचं काय करायचं, असा प्रश्न विचारून त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. हे सगळं तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. कुठल्या चौकीवर कोण भेटलं, अशा थाटात सांगत होता.

मी तीन दिवस विचार केला. खरं सांगायचं तर विचार पहिल्याच दिवशी झाला होता, उरलेले दोन दिवस मी स्वतःला समजूतदार वाटून घेण्यात घालवले. बारा वर्षांत माझ्याशी औषधं आणि बाळंतपणं सोडून तिसऱ्या विषयावर कोणी इतका वेळ बोललं नव्हतं. शिवाय माझे पैसे पोस्टात पडून होते आणि मीही एका परीने पोस्टात पडूनच होते. चौथ्या दिवशी मी त्याला निरोप पाठवला.

कागद करायला आम्ही वकिलांकडे गेलो. वकिलांनी टाक उचलून पहिला प्रश्न विचारला, "व्याज किती?"

"व्याज नाही. भाग," मी म्हटलं. "तिसरा हिस्सा माझा, दोन यांचे."

"आणि बुडालं तर?"

"तर माझा तिसरा हिस्सा बुडाला."

वकिलांनी टाक खाली ठेवला. बाईमाणसाने पैसे द्यावेत, तारण घेऊ नये, व्याज घेऊ नये आणि वर बुडण्यातही वाटा मागावा, असा कागद त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता. त्यांनी हवालदाराकडे असं पाहिलं की जणू त्याने मला काही पाजलं होतं. मला त्या पाहण्याचा इतका राग आला की मनात थोडीफार धाकधूक होती तीही निघून गेली. कागद झाला. दवाखान्यातले डॉक्टर त्यानंतर वर्षभर मला "शेठाणीबाई" म्हणत होते.

बंदराजवळ एक जुनी वखार भाड्याने मिळाली. हवालदाराने त्याच्याच तुकडीतले दोन सुटलेले जवान बोलावून घेतले, लिलावातून एक इंजिन आणि पेटीभर हत्यारं आणली आणि काम सुरू झालं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे जी गफलत झाली ती फक्त आम्हा दोघांतच होऊ शकली असती, म्हणून ती नीट सांगते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण जुन्या काळी आमचे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. माझ्या घरात घाण्याला हात लावून दोन पिढ्या उलटल्या होत्या, शनिवार मात्र तसाच राहिला होता. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, पैशाला शिवायचं नाही, धंद्याची बोलणी करायची नाहीत, हे आईने अंगात मुरवलं होतं. दवाखान्यात मी रविवारी कामाला जायची आणि त्याबदली शनिवारी सुट्टी घ्यायची. तेव्हा आठवड्यात मी घरी सापडणार ती शनिवारीच.

आणि फौजेत शनिवार हा तपासणीचा दिवस. सकाळी झाडलोट, हत्यारांची मोजदाद, आणि मग वरच्या साहेबाला रिपोर्ट. हवालदाराच्या दृष्टीने वरचा साहेब आता मी होते. पहिल्याच शनिवारी दुपारी चार वाजता तो इस्त्रीच्या खाकीत माझ्या अंगणात येऊन उभा राहिला आणि टाचा जुळवून म्हणाला, "बाई, हप्त्याचा खर्च—"

मी हात वर केला. "आज पैशाची गोष्ट नको, हवालदार."

"जी."

"बाकी कसं काय?"

"ऑल करेक्ट."

मी त्याला सरबत दिलं. ते त्याने उभ्यानेच प्यायलं आणि तो गेला. पुढच्या शनिवारी पुन्हा चार वाजता हजर. मी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, ऑल करेक्ट. असं सव्वा वर्ष चाललं. पावसात छत्री मिटून, पाय झाडून, टाचा जुळवून ऑल करेक्ट. मी शेजारणीला अभिमानाने सांगायची, माझा भागीदार बघा, एक शनिवार चुकवत नाही. मनातल्या मनात मी किती मचव्यांना इंजिनं लावून मोकळी झाले होते, याचा हिशोब नाही. बंदराकडे मात्र एकदाही फिरकले नाही. त्या वर्षी टायफॉइड होता, बाळंतपणं तर नेहमीचीच, आणि खरं म्हणजे सगळं ठीक चाललेल्या ठिकाणी जाऊन करायचं काय, असं मला वाटायचं.

मग थोरल्या भावाचं पत्र आलं. तो मुंबईत एका कचेरीत कारकून होता. आमच्यातली घरं त्या सुमाराला एकामागून एक इस्राएलला निघाली होती. त्यानेही ठरवलं होतं. तो, वहिनी, दोन मुली, पावसाळ्याआधीची बोट. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "तुझं नाव मी घालून ठेवलं आहे. तू मागे राहिलीस तर मला तिथे झोप लागणार नाही." आईवडील गेल्यावर मला नर्सिंग शिकवलं ते त्यानेच. मी उलट टपाली लिहिलं, येते, पण माझा धंद्यातला भाग काढून घेऊन येते. परक्या देशात वहिनीच्या घरी हात हलवत जाऊन बसायची माझी तयारी नव्हती.

हे बोलणं शनिवारी करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी पहिल्यांदा वखारीवर गेले.

काय सांगू, अशी स्वच्छ जागा मी मुंबईच्या इस्पितळातसुद्धा पाहिली नव्हती. भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली, आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. दारात घंटा. दारापाशी टेबल, टेबलावर वही, गिऱ्हाइकाने नाव, गाव, मचव्याचा नंबर आणि येण्याचं कारण लिहायचं. मध्यभागी विटांच्या ओट्यावर इंजिन, तेल पाजून चकचकीत केलेलं. दोन्ही जवान मला पाहून ताडकन उभे राहिले. मी वही उघडली. सव्वा वर्षात जेमतेम वीस नावं होती, बहुतेक सायकल-स्टोव्हवाल्यांची.

"मचवे कुठे आहेत?" मी विचारलं.

"आले नायत," हवालदार म्हणाला.

"एकही?"

"तिघं बगून गेले. इंजिन कोनी लावलं नाय. आमी स्टोव्ह करतो, सायकली करतो, भाताच्या गिरणीचा पंप केला."

"मग दर शनिवारी तुम्ही मला काय सांगत होतात?"

तो गोंधळला. खरोखर गोंधळला, सोंग नव्हतं. "ऑल करेक्ट, बाई. मानसं तीन, हजर. हत्यारं बेचाळीस, जाग्यावर. इंजिन एक, चालू. सकाळी मोजूनच येतो मी. एक पान्हा बी हरवला नाय."

तेव्हा मला उलगडलं. फौजेत ऑल करेक्टचा अर्थ एवढाच होता. माणसं मोजली, भरली. सामान मोजलं, भरलं. लढाई जिंकतोय की हरतोय, ते त्या शब्दात येत नाही. ते सांगणं हवालदाराचं काम नव्हे, ते साहेब विचारतात.

"गिऱ्हाईक नाही हे सांगायला तोंड नव्हतं का?" मी ओरडले. जवान भिंतीकडे बघू लागले. "खर्च कुठून चालला? या दोघांना पगार कुठून दिलात?"

"माजी फौजेची मिळकत व्हती, त्यातनं."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत!"

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "पयल्याच दिवशी तुमी हुकूम केला. पैशाची गोष्ट नको. त्यावर दुसरा हुकूम आला नाय."

मी "आज" म्हणाले होते. त्याने तो कायमचा हुकूम धरला होता, कारण तो ज्या जगातून आला तिथे हुकूम मागे घेतल्याशिवाय संपत नाही. आणि मी तो मागे घेतला नाही, कारण दर शनिवारी तो आला की माझा शब्बाथ असायचा आणि इतर दिवशी मला तो आठवायचा नाही. संताप संताप झाला माझा. त्याच्यावर झाला, वकिलांचा चेहरा आठवून झाला, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर झाला. बायकांना दिवसातून चाळीस वेळा कुठे दुखतं, कधीपासून दुखतं विचारणारी मी, आणि माझ्या बारा वर्षांच्या कमाईला मी नुसतं कसं काय म्हणून सोडून दिलं होतं.

मी माझं कारण सांगितलं. भाऊ, बोट, भाग. तो ऐकून घेऊन म्हणाला, "हुकूम करा. सोमवारी सगळं इकतो." भंगाराच्या भावाने विकलं असतं तर मी घातलेल्यातले निम्मे हाती आले असते. त्याचं स्वतःचं काहीच उरलं नसतं, तो मिठागरात गेला असता. मी विका म्हटलं नाही, आणि ठेवाही म्हटलं नाही. दवाखान्याची वेळ झाली होती, मी निघून आले.

पुढचे दोन दिवस मी कोणाशी नीट बोलले नाही. शुक्रवारी उरणकडच्या एका तांडेलाची बायको, म्हणजे मचव्याच्या कप्तानाची बायको, सुनेला घेऊन दवाखान्यात आली. सून अडली होती. दुपारपर्यंत मोकळी झाली, मुलगा झाला. सासूबाई खुशीत होत्या, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की बंदरावर मचव्याला इंजिन लावून देतात तिकडे तुमचे लोक का जात नाहीत.

"त्या पलटणवाल्याकडं?" ती म्हणाली. "तो पाचाला घंटा वाजवून दार लावतो. आमी येनार भरतीच्या पान्यानं. पानी कदी सकाळी भरतं, कदी दिवे लागतीला. पोचावं तर दार बंद. थांबावं तर ओहोटी, मचवा चिखलात. म्हावरं घेऊन आमी चिखलात बसू का?"

"दिवसा भरती असते तेव्हा?"

"तवा वहीत नाव लिव म्हनतो. माजा म्हातारा म्हनला, आमी काय पोलिसात आलो हाव का?"

मला हसावं की रडावं कळेना. खाडीत पाणी राहतं ते भरतीच्या आगेमागे. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तिथी कळली की वेळ कळते, हे त्या किनाऱ्यावरच्या पोरासोरांना ठाऊक. हवालदार मिठागरातलाच, त्यालाही ठाऊक होतं. पण पाच वर्षं घड्याळावर उठून घड्याळावर झोपला आणि विसरला. आणि मला तरी का सुचू नये? आमचे महिनेसुद्धा चंद्रावरच चालतात.

दुसऱ्या दिवशी शनिवार. चार वाजता तो आला, टाचा जुळवल्या. मी जन्मात पहिल्यांदा शब्बाथच्या दिवशी धंद्याचं बोलले. आई असती तर तिने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला असता. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण देवाला सांगितलं की हे बाळंतपणासारखंच आहे, उद्यापर्यंत थांबवता येत नाही.

"घंटा काढा," मी म्हटलं. "वही आत ठेवा, तुम्ही लिहा. दार भरतीच्या वेळी उघडं पाहिजे, मग ती कधीही असो."

"टाइमटेबल मोडायचं?" त्याच्या तोंडावर असा भाव आला की जणू मी त्याला वर्दी उतरवायला सांगत होते.

"समुद्राला तुमची घंटा ऐकू जात नाही, हवालदार."

त्याने बोटांवर तिथी मोजल्या. मग म्हणाला, "पंचांग लागंल."

"लागेल तर घ्या. खर्च मांडा. आणि यापुढे मला ऑल करेक्ट सांगायचं नाही. कोण आलं नाही आणि का आलं नाही, ते सांगायचं."

"कंच्या दिशी?"

"रोज. दवाखान्याच्या मागच्या दाराशी या."

पंधरा दिवसांत तो बदलला असं म्हणणार नाही. पंचांगाखाली त्याने नव्या वेळापत्रकाचा तक्ता टांगला, तो तिथीवार आखलेला, तांबड्या शाईने, आणि जवानांना त्याची घोकंपट्टी करायला लावली. पण दार उघडं राहू लागलं. तांडेलाची बायको घरी जाऊन बोलली असावी, कारण तो म्हातारा आला. त्याने इंजिन तीनदा बघितलं, चौथ्यांदा त्याला हात लावला आणि म्हणाला, माज्या मचव्याला लाव, नाय चाललं तर काडून घे. चाचणीच्या दिवशी मी दुपारी बंदरावर गेले. वारा समोरून होता, शिडं सगळ्यांची खाली. तो मचवा धडधडत, काळा धूर सोडत, वाऱ्याच्या तोंडात सरळ खाडीतून बाहेर गेला. धक्क्यावरची माणसं ओरडत होती. हवालदार मचव्यात इंजिनापाशी वाकला होता, त्याने एकदाही वर पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला की मी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी कोळणीचा हात धरला.

पण एका मचव्याने माझा भाग मोकळा होणार नव्हता, आणि बोटीला दीड महिना राहिला होता. भाऊ पनवेलला आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पैसे राहू देत इथे. तू ये. मी पैसे मागितले आहेत का तुझ्याकडे?"

"मी फुकट बसून खाणार नाही."

"तुझी वहिनी तुझे घास मोजेल असं वाटतं तुला?"

"दोन वर्षं दे मला. पैसे अडकलेत, ते सुटले की येते."

त्याने पुष्कळ समजावलं. शेवटी तो चिडून म्हणाला, की एका यंत्रापायी तू सख्ख्या माणसांना सोडतेस. मी म्हटलं, यंत्र नव्हे, माझी बारा वर्षं आहेत ती. हे उत्तर मला फार चोख वाटलं. बोटीच्या दिवशी मी गोदीवर गेले. त्याच्या मुलींनी माझा पदर सोडला नाही, भाऊ रडत होता. मी रडले नाही. मी त्याला धीराने सांगितलं, दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत हवालदाराने अकरा मचव्यांना इंजिनं बसवली. मी दर महिन्याला भावाला पत्र लिहायची आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं, की पैसे अजून अडकलेले आहेत. ते खरंच होतं. मी कधी हवालदाराकडे मागितले नाहीत, त्यामुळे ते खरंच राहिलं.

आणि एका दुपारी तो दवाखान्याच्या मागच्या दाराशी आला, नेहमीसारखा. पण खाकी इस्त्रीची होती. त्याने रुमालात बांधलेली पुरचुंडी माझ्यापुढे केली.

"बाई, तुमचं भांडवल. पुरं. वर दोन वर्सांचा तिसरा भाग."

मी हात पुढे केला नाही.

"मुंबैला जाऊन आलो मी," तो सांगत होता. "बोटीच्या हापिसात इचारलं. पुढच्या मैन्यात एक हाय. कागद कंचं लागतात ते बी लिवून आनलंय." आणि त्याने खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. त्याच्या त्या तिरक्या अक्षरात एकाखाली एक सगळं लिहिलं होतं. "आता तुमी मोकळ्या झाल्या."

मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला. मोकळी करा असं याला कोणी सांगितलं होतं? मी तिथे औषधाच्या बाटल्यांमध्ये उभी होते, बाहेर सात बायका नंबर लावून बसल्या होत्या, त्यातल्या चौघींची आधीची बाळंतपणं माझ्या हातची, आणि हा मला कागदाची यादी देत होता. मग राग ओसरला आणि त्याखाली जे होतं ते मला दिसलं. मला जायचंच नव्हतं. भाऊ पहिल्यांदा बोलला तेव्हाही नव्हतं. पैसे अडकलेले होते म्हणून मी राहिले नव्हते, राहायचं होतं म्हणून मी ते अडकू दिले होते. बाकीचं सगळं, फुकट खाणार नाही, माझी बारा वर्षं, ते फक्त छान बोलता येण्यासारखं होतं.

"मी जाणार नाही, हवालदार."

"बोट पसंत नाय?"

"जायचंच नाही मला. नव्हतंच जायचं."

त्याने पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली. तोंडावर काही दिसलं नाही, फौजेतल्या माणसाच्या दिसत नाही. मग म्हणाला, "लेथ घ्यायचा व्हता. पंख्याचं दांडं मुंबैला तासाया धाडावं लागतात, आठ-आठ दिस मचवा उभा रातो. दोनदा लिलावात आला लेथ, मी सोडला. म्हनलं, आदी बाईंचा भाग बाजूला निघू दे. भाऊ वाट बगत आसंल."

त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. दोन वर्षं हा माणूस माझी एक थाप खरी धरून राबत होता, हे मात्र मला कळलं, आणि त्याची मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नाही. मी त्याची माफी मागितली. त्याला ती कशी घ्यायची ते कळलं नाही. "लेथ घ्या," मी म्हटलं, "या पैशांत येईल तो घ्या." तो पुरचुंडी घेऊन गेला. चिठ्ठी माझ्या हातातच राहिली, ती मी नंतर फाडून टाकली.

त्या रविवारी मी भावाला पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं. शेवटी एवढंच लिहिलं, की पैसे सुटले आहेत आणि मी येत नाही. मला कधीच यायचं नव्हतं, तुला तोंडावर नाही म्हणायची हिंमत झाली नाही, तू मला शिकवलंस म्हणून तर मुळीच झाली नाही. माझ्यावर रागावलास तर मी समजू शकेन.

उत्तर यायला दोन महिने लागले. मला वाटलं होतं तो रागावेल, किंवा समजूत घालेल. तिथल्या थंडीबद्दल लिहिलं होतं, वहिनीला भाषा जमत नाही त्याबद्दल, मुलींच्या शाळेबद्दल. माझ्या पत्राविषयी खाली तीन ओळी होत्या. "आम्हाला दोनच खोल्या मिळाल्या आहेत. तू येणार म्हणून मुलींच्या खोलीत तुझी खाट घालून ठेवली होती आणि दोघी मुली दोन वर्षं जमिनीवर एका गादीवर झोपत होत्या. तू स्पष्ट लिहिलंस हे बरं झालं, काल ती खाट थोरलीला दिली."

पत्र दवाखान्यात वाचलं. मी औषधांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि गोदीवर जे रडले नव्हते ते तिथे रडले. थोड्या वेळाने कोणीतरी दार वाजवलं, बाहेर एक बाई अडली होती, आणि मी तोंड धुऊन तिच्याकडे गेले.